सात जणांची जुनी गाडी

प्रश्न : घरात आम्ही सात जण. चार-साडेचार लाखांत जुनी गाडी घ्यायची आहे. अर्टिगा की इनोव्हा? – एक वाचक, दारव्हा

उत्तर : या पैशांत इनोव्हा मिळाली तरी बहुधा खूप पळालेली असेल, आणि तिचा दुरुस्तीखर्च झेपत नाही. मी पेट्रोल अर्टिगाच बघेन. अर्टिगा 2012 मध्ये आली, त्यामुळे आरसीवरची तारीख आधी वाचा. 15 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. गाडी वणीकडची असेल तर सीटखालची पट्टी बोटाने पुसा. काळी भुकटी निघाली, तर खाणीच्या कंत्राटावर धावलेली असू शकते. बँकेचा बोजा उतरल्याशिवाय विसार देऊ नका. घरातल्या उंच माणसाला तिसऱ्या रांगेत बसवून यवतमाळपर्यंत चक्कर मारा. त्या रांगेत पोरंच बरी बसतात.