उकिरडा आणि खत

पूर्वी गावच्या उकिरड्यातील केर कुजून शेतास मिळे. आता त्यात प्लास्टिक व काच मिसळल्याने खत नासते. पिशव्या गुरांच्या पोटात जातात. यास्तव ओला व सुका कचरा घरातच वेगळा व्हावयास हवा. आपल्याच वऱ्हाडातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ पद्धत शिक्षकांनी वर्गात समजावून द्यावी. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशा विटांच्या टाक्याच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवतात. आत पालापाचोळा, शेणकाला व चाळलेली माती यांचे थर रचतात. सुमारे ४ महिन्यांत खत होते. शाळेत हाच प्रयोग लहान प्रमाणावर करावा. मात्र काचा मुलांस हाताळू देऊ नयेत.