कमठ्याची उलटी टोके

चावीच्या घड्याळातील पोलादी पट्टीच्या गुंडाळीला घड्याळजी 'कमान' म्हणतात, हे तुम्ही ऐकले असेल. कमान हा मूळचा फारसी शब्द, आणि त्याचा अर्थ धनुष्य. घड्याळाची कमान व धनुष्याची कमान यांना एकच नाव मिळाले ते योग्यच झाले. कारण दोन्ही ठिकाणी काम एकच चालते. वाकवताना आपण जे कार्य करतो ते स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठवायचे आणि हवे तेव्हा परत द्यायचे. फरक एवढाच की घड्याळाची कमान ती ऊर्जा दिवसभरात थेंबाथेंबाने देते आणि धनुष्य, म्हणजे आपला कमठा, सेकंदाच्या एका लहानशा अंशात सगळी देऊन टाकतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याला पुसदच्या भंगारवाल्याकडे एक जुना कमठा मिळाला. मधली मूठ गडद लाकडाची, वर-खाली दोन रुंद चपटी पाती, पात्यांच्या दोन्ही अंगांना काचतंतूंचा चकचकीत पातळ थर. पात्यांची टोके तिरंदाजाकडे न वळता पुढच्या बाजूला, म्हणजे उलटी वळलेली. पात्यावर शाईने लिहिले होते : लांबी ६६ इंच, २८ इंच ताणास ४० पौंड. दोरी नव्हती. "सर, हा चालवता येईल का?" असा त्याचा प्रश्न.

मी लगेच 'हो' म्हटले नाही. विद्यार्थिदशेत असाच एक कमठा माझ्या हाती आला होता. बाण नव्हता, म्हणून मी नुसतीच दोरी पूर्ण ताणली आणि सोडून दिली. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि खालच्या पात्याचे दोन थर टोकापासून वीतभर सुटले. बाणच नव्हता, मग एवढा जोर कशावर निघाला? याचे उत्तर मला फार उशिरा समजले. ते पुढे येईलच. आधी उलट्या टोकांकडे पाहू.

सातपुड्यात धडगाव-अक्कलकुवा भागात भिल्लांचा कमठा पाहिला तर तो बांबूच्या एकाच कांबीचा असतो, आणि पुष्कळदा त्याची दोरीही बांबूच्या चिवट सालीची असते. कांब वाकली की बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात आणि आतल्या अंगाचे दाबले जातात. कांब आखूड असेल आणि ती फार वाकवली तर हे तंतू तुटतात. म्हणून साधा कमठा लांब ठेवावा लागतो. पायी चालणाऱ्याची त्याने अडचण होत नाही, घोडेस्वाराची होते. आशियातील कारागिरांनी यावर फार पूर्वी तोड काढली. मधे लाकडाची पट्टी, दाब सोसणाऱ्या आतल्या अंगाला शिंग आणि ताण सोसणाऱ्या बाहेरच्या अंगाला जनावरांचे स्नायुतंतू, हे सारे सरसाने चिकटवलेले. विष्णूच्या धनुष्याचे 'शार्ङ्ग' हे नाव 'शृंग' म्हणजे शिंग या शब्दावरूनच आले आहे. असा कमठा आखूड असूनही खूप वाकतो. दोरी काढली की तो उलट्या बाजूला गोल वळून बसतो; संग्रहालयात तो तसा पाहणाऱ्याला दोरी नेमकी कोणत्या अंगाला लावायची हेच कळू नये! मोगल काळातील हिंदुस्थानी कमठे बहुतेक याच जातीचे. त्यांचा शत्रू पावसाळा, कारण दमट हवेत सरस ढिला पडतो. आपल्याकडे पोलादी कमठेही बनले ते याच अडचणीमुळे असावे. पोलादाला पावसाचे भय कमी, पण पाती जड. जड पात्यांनी काय बिघडते तेही पुढे पाहू.

आता प्रयोग. मूठ एका जाड खुंटीवर पक्की टेकवली, दोरीच्या मध्यावर कापूस तोलायचा हुकाचा काटा अडकवला आणि दोरी दर आठ सेंटिमीटरला थांबवत सावकाश खाली ओढली. तुलनेसाठी तेवढ्याच अखेरच्या जोराचा, सरळ टोकांचा बांबूचा एक आखूड कमठाही तसाच ताणला. हात सोडायचा नाही. ओढली तशीच हळूहळू परत न्यायची. आकडे असे मिळाले :

दोरीचे अंतर (सेंमी) : ०, ८, १६, २४, ३२, ४०, ४८
उलट्या टोकांचा (किलोग्रॅम-भार) : ०, ४.५, ७.५, १०, १२.५, १५, १८
बांबूचा (किलोग्रॅम-भार) : ०, २.५, ५, ७.५, १०, १३.५, १८

हे आकडे आलेख कागदावर मांडा. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर बल. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे केलेले कार्य, म्हणजेच साठलेली ऊर्जा. समलंब चौकोनांची बेरीज केली तर पहिल्या कमठ्याचे उत्तर ४.६८ किलोग्रॅम-भार-मीटर, म्हणजे सुमारे ४६ ज्यूल येते. बांबूच्या कमठ्याचे ३.८, म्हणजे सुमारे ३७ ज्यूल. अखेरीस बोटांवर येणारा भार दोन्हींत तोच, १८ किलोग्रॅम. तरी एकात दुसऱ्यापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने ऊर्जा अधिक.

ही बढती कोठून आली? आलेखाची सुरुवात पाहा. उलट्या टोकांचा कमठा पहिल्या आठ सेंटिमीटरांतच साडेचार किलो मागतो. दोरी चढवलेली असताना ती टोकांच्या वळणावर चिकटून पडलेली असते. त्यामुळे जोर अगदी टोकाला न लागता जरा अलीकडे लागतो. कमठा जणू आखूड, म्हणून ताठ भासतो. शिवाय दोरी चढवण्यासाठीच पाती बरीच वाकवावी लागलेली असतात. पुढे दोरी ओढत जावी तशी ती वळणावरून सुटत टोकाकडे सरकते, तरफेची भुजा लांब होते आणि पुढचा ताण सोपा जातो. बांबूच्या कमठ्यात याच्या उलट घडते. अखेरच्या टप्प्यात दोरी आणि पात्याचे टोक यांमधला कोन काटकोनापलीकडे जातो. मग दोरी पात्याला वाकवण्यापेक्षा त्याच्या लांबीच्या दिशेनेच अधिक ओढू लागते आणि भार एकदम चढतो. अखेरच्या आठ सेंटिमीटरांत तो साडेचार किलोंनी वाढला आहे, हे कोष्टकात दिसेलच.

साठलेली सगळी ऊर्जा मात्र बाणाला मिळत नाही. बाणाबरोबर पाती आणि दोरी यांनाही हलावे लागते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत क्लॉपस्टेग व हिकमन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याचा कसून अभ्यास केला. (हिकमन पुढे दुसऱ्या महायुद्धात अग्निबाणांच्या कामाला लागले, बाणाचा नाद असा दूरवर जातो.) क्लॉपस्टेग यांनी एक सोपी कल्पना मांडली. पाती व दोरी यांच्या हालचालीत जाणारी ऊर्जा अशी धरायची की जणू बाणाला आणखी थोडे वस्तुमान जोडले आहे आणि तेही बाणाच्याच वेगाने निघाले आहे. याला आपण 'आभासी वस्तुमान' म्हणू. ते कमठ्याचे असते. बाण कोणताही लावा, ते साधारण तेवढेच राहते.

आमच्या कमठ्याचे आभासी वस्तुमान ११ ग्रॅम धरू आणि बाण २६ ग्रॅमचा घेऊ. मग ४६ ज्यूल ऊर्जा एकूण ३७ ग्रॅमांना मिळेल आणि वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर येईल. बाणाच्या वाट्याला सुमारे ३२ ज्यूल, कमठ्यात उरले १४. आता बाण निम्म्या वजनाचा, १३ ग्रॅमचा घ्या. वेग वाढून सुमारे ६२ मीटर होईल, पण बाण २५ ज्यूलच नेईल आणि २१ ज्यूल कमठ्यात उरतील. आणि बाण मुळीच नसेल तर? सगळेच्या सगळे ४६ ज्यूल पाती, दोरी आणि सरसाच्या सांध्यांवर येऊन आदळतात. माझ्या कमठ्याचे थर सुटले ते यामुळे. जड पात्यांच्या पोलादी कमठ्याचे आभासी वस्तुमान मोठे, म्हणून त्याचा बाण त्या मानाने मंद. हेही आता तुमच्या ध्यानात येईल.

काचतंतूंचे थर दिलेले असे कमठे १९५० च्या आसपास अमेरिकेत मोठ्या प्रमाणात बनू लागले. मिशिगनचे फ्रेड बेअर हे त्यांतले नामांकित नाव. पावसाची भीती गेली. पुढे १९६९ मध्ये ॲलन यांना कप्प्यांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले आणि शिकारी तिकडे वळले. जुने लाकडी मुठीचे कमठे मग संग्राहकांच्या भिंतीवर गेले, पण उलट्या टोकांची कल्पना काही गेली नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपासून २०२४ पर्यंत प्रत्येक ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक तिरंदाजी याच जातीच्या धनुष्यांनी झाली. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोत याच प्रकारात उतरला होता. तेथे ७० मीटरवरील लक्ष्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर असतो, म्हणजे जवळजवळ एका वाटीएवढा!

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. जुना कमठा चालवण्यापूर्वी त्याला तपासावे लागते. आम्ही कापसाचा बोळा पात्यांवरून दोन्ही अंगांनी फिरवला. जेथे बारीकशी चीर असेल तेथे तंतू अडकतात. मग पातळ कागदाची कड थरांच्या सांध्यात कोठे शिरते का ते पाहिले. दोरी चढवून टोकाकडून एका डोळ्याने पाहिले, दोरी दोन्ही पात्यांच्या बरोबर मध्यावरून जाते की नाही. पाते पिळले असेल तर ती एका कडेला जाते. कमठा या सगळ्यात पास झाला. उन्हाळ्यात तो पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिला असता तर मला वाटते झाला नसता. आपल्याकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत पत्र्याखाली सांध्यांचा चिकटपणा टिकणे अवघड.

दोरीबद्दल मात्र मी हट्ट धरला. हल्लीच्या धनुष्यांना न ताणणाऱ्या अतिबळकट तंतूंची दोरी लावतात. पाती परत येऊन थांबतात तेव्हा त्यांचा संवेग शून्य व्हायचा असतो. दोरी थोडी ताणली गेली तर याला वेळ जरा जास्त मिळतो. ताणली न गेल्यास वेळ कमी, म्हणून बल जास्त. झेल घेताना खेळाडू हात मागे का नेतो, तेच हे. जुन्या कमठ्यांच्या टोकांच्या खाचा हा धक्का सोसण्यासाठी केलेल्या नसतात. त्यांना पॉलिएस्टरची, किंचित ताणणारी दोरीच लावावी. बाणही दर पौंडामागे सुमारे ०.६ ग्रॅमपेक्षा हलका नको. चाळीस पौंडांना म्हणजे २४ ग्रॅम.

रविवारी सकाळी शेतावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या, मागे मातीचा बांध, आणि सगळ्यांना तिरंदाजाच्या पाठीमागे उभे केले. दहा पावलांवरून सोडलेला पहिला बाण पिसांपर्यंत पेंढीत शिरला. पोरगा खूश! लगेच त्याने पिशवीतून बोरूचा एक घरी केलेला बाण काढला. "सर, हा हलका आहे, जास्त वेगाने जाईल." मी तो मागून घेतला आणि सोमवारी प्रयोगशाळेतल्या तराजूत घातला. अकरा ग्रॅम. मी काही बोललो नाही, खडू त्याच्या हातात दिला. त्याने फळ्यावर ११ अधिक ११ मांडले, ४६ ला दोनाने भागले आणि बाण परत पिशवीत ठेवला.