ब्रेकचं बिल वाचूया : गणित, विज्ञान आणि व्यवहार यांचा एकत्र पाठ

इयत्ता : नववी व दहावी
लागणाऱ्या तासिका : दोन
साहित्य : गॅरेजचं एखादं जुनं बिल (नाव, गाडीचा नंबर व फोन नंबर झाकून), पट्टी, मिळाल्यास झिजलेला ब्रेक पॅड

दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. त्यातली जीएसटीची उदाहरणं मुलं पटापट सोडवतात. पण त्याच मुलांच्या हातात खरं बिल दिलं की नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. आपण मोठेही तेच करतो. त्यातून काम ब्रेकचं असेल तर बोलणंच खुंटतं. "साहेब, जिवाचा प्रश्न आहे" असं समोरून आलं की आपण मुकाट्याने पैसे देतो. नाहीतर "अजून चालतील की दोन-तीन महिने" म्हणून काम पुढे ढकलतो. दोन्ही निर्णय बिल न वाचताच झालेले असतात. पहिल्यात पैसे जास्त जाऊ शकतात, दुसऱ्यात पैसे आणि जीव दोन्ही. बिल वाचून ठरवायची सवय मुलांना लागावी, यासाठी हा पाठ.

आधी समजून घेऊ : बदलतात ते नेमकं काय?

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ते ब्रेक पॅड. मागच्या ड्रममध्ये आतून दाबले जातात ते लायनर. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात आणि लवकर झिजतात.

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलतात. पट्टीवर ३ मिलिमीटर दाखवा, मुलांना लगेच अंदाज येतो. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किरकिर आवाज करते. हा आवाज म्हणजे सूचना आहे. रेडिओचा आवाज वाढवून तो बंद होत नाही!

पॅड एकाच चाकाचे बदलत नाहीत, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे बदलतात. नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

आता फळ्यावर हे बिल लिहा. आकडे वर्गासाठी गोल घेतले आहेत. गाडीनुसार आणि गावानुसार ते बदलतील. सर्व किमती कराआधीच्या आहेत.

बिल क्रमांक १ (पॅड वेळेवर बदलले)
पुढच्या पॅडचा संच : १,५०० रुपये
ब्रेक ऑईल : ३०० रुपये
मजुरी : ७०० रुपये
एकूण : २,५०० रुपये
जीएसटी १८ टक्के : ४५० रुपये
द्यायची रक्कम : २,९५० रुपये

कृती १ : कराची ओळ

४५० रुपयांचे दोन समान भाग करायला सांगा. सीजीएसटी २२५, एसजीएसटी २२५. मग विचारा, जुन्या बिलात पॅडवर २८ टक्के का दिसतात? २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला. त्याआधी ब्रेक पॅडवर २८ टक्के होता. म्हणजे १,५०० रुपयांच्या पॅडवर तेव्हा ४२० रुपये कर लागायचा, आता २७० लागतो. फरक १५० रुपये.

आणखी एक गोष्ट बघायला लावा. जीएसटी लावलेल्या बिलावर १५ अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. नाक्यावरच्या छोट्या गॅरेजची नोंदणी नसेल तर त्यात गैर काही नाही, पण मग त्याला बिलात जीएसटी लावता येत नाही. क्रमांक नाही आणि कर मात्र आहे, असं बिल दिसलं तर विचारायचं.

कृती २ : खोक्यावरची किंमत

पॅडच्या खोक्यावर एमआरपी छापलेली असते. तिच्यात सगळे कर धरलेले असतात. आपल्या उदाहरणात ती १,७७० रुपये समजू. आता उलटं गणित : १,७७० ला १.१८ ने भागा. उत्तर १,५००. बिलात पॅडची मूळ किंमत म्हणून याहून जास्त आकडा येता कामा नये.

समजा बिलात पॅड १,७७० रुपये लिहिले आणि त्यावर पुन्हा १८ टक्के लावले. मुलांना हिशोब करू द्या. ३१८ रुपये ६० पैसे जास्त गेले. करावर कर लागला. ही चूक पकडायला वकील लागत नाही, दहावीचं गणित पुरतं. मात्र त्यासाठी खोकं पाहायला हवं. खोकं पाहिल्याने दुसराही फायदा होतो. खोकं सीलबंद आहे का, त्यावर उत्पादकाचं नाव, भाग क्रमांक आणि छापील किंमत आहे का, हे कळतं. बनावट पॅड स्वस्त पडतील, पण ब्रेकच्या बाबतीत ती बचत नव्हे.

कृती ३ : उशिराची किंमत

बिल क्रमांक २ (आवाजाकडे दुर्लक्ष केलं, थर संपून पत्रा डिस्कला घासला, डिस्कवर चरे पडले)
पॅडचा संच : १,५०० रुपये
दोन डिस्क : ४,००० रुपये
ब्रेक ऑईल : ३०० रुपये
मजुरी : १,२०० रुपये
एकूण : ७,००० रुपये
जीएसटी १८ टक्के : १,२६० रुपये
द्यायची रक्कम : ८,२६० रुपये

दोन्ही बिलांचं गुणोत्तर काढा. ८,२६० भागिले २,९५०, म्हणजे बरोबर २.८ पट. जादा गेले ५,३१० रुपये. "पैसे वाचवायला थांबलो" या वाक्याचा अर्थ इथे मुलांनीच सांगावा.

पण याची दुसरी बाजूही शिकवा. पॅड बदलले म्हणून प्रत्येक वेळी डिस्क बदलावी लागते असं नाही. डिस्कची किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते. मोजमाप त्याहून जास्त असेल, तडे किंवा खोल चरे नसतील आणि ब्रेक मारताना पेडल थरथरत नसेल, तर तीच डिस्क पुढे चालते. म्हणून "डिस्क पण बदलावी लागेल" असं ऐकलं की शांतपणे विचारायचं, "जाडी किती भरली? किमान किती हवी?" मोजून सांगितलं की भीतीचा प्रश्नच उरत नाही.

कृती ४ : किलोमीटरमागे किती?

समजा पॅड ४०,००० किलोमीटर टिकले. २,९५० भागिले ४०,०००. किलोमीटरला सुमारे ७.४ पैसे. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते असं धरलं, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये. म्हणजे गाडी चालवायला रुपये लागतात, थांबवायला पैसे! वेळेवर केलेलं ब्रेकचं काम महाग वाटतं, कारण ते एकदम समोर येतं. महिन्याला १०० रुपये बाजूला काढले तर किती महिन्यांत २,९५० जमतील, हा प्रश्न आठवीची मुलंही सोडवतील.

विज्ञानाचा धागा

नववीत गतिज ऊर्जेचं सूत्र येतं : अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. १,००० किलोची गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चालली असेल तर तिची ऊर्जा ५०,००० ज्यूल. वेग दुप्पट केला तर २,००,००० ज्यूल. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. ब्रेक मारल्यावर यातल्या बहुतेक ऊर्जेची पॅड आणि डिस्कमध्ये उष्णता होते. घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतो तो यामुळेच. म्हणून चढाला लागतो साधारण त्याच खालच्या गिअरमध्ये घाट उतरावा, म्हणजे बराचसा भार इंजिन घेतं.

बिलातली ब्रेक ऑईलची ओळही इथेच समजते. हे ऑईल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑईलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शिरल्यावरची किमान मर्यादा मात्र १५५ आहे. ऑईल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून बऱ्याच गाड्यांत साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. "तेल तर भरलेलं दिसतंय" हे पुरेसं नाही.

मजुरीच्या ओळीवर थोडं थांबा

आपण घासाघीस करतो ती नेमकी मजुरीवर. छापील किंमत निमूट देतो आणि ज्याने चाकं उतरवली, कॅलिपर साफ केला, ऑईलमधली हवा काढली, त्याला म्हणतो, "एवढ्याशा कामाचे सातशे?" आपल्या वर्गात मेकॅनिकची मुलं असतात, हे लक्षात ठेवा. अशा एखाद्या पालकांना तासाला बोलवा. ७०० रुपयांत जागेचं भाडं, हत्यारं, मदतनिसाचा पगार आणि अनुभव कसा बसतो, ते त्यांच्याकडूनच कळू द्या. ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांनी सायकलचे ब्रेक रबर किंवा दुचाकीचे ब्रेक शू घेऊन हेच हिशोब करावेत.

जुना पॅड वर्गात आणलात तर ओल्या फडक्याने पुसूनच आणा. त्याची धूळ फुंकू नका, मुलांना फुंकू देऊ नका. ती श्वासात जाणं चांगलं नाही.

पालकांसाठी : गॅरेजमध्ये विचारायचे पाच प्रश्न

१. थर किती मिलिमीटर उरलाय, दाखवता का?
२. डिस्क बदलायची असेल तर जाडी मोजली का?
३. काम सुरू करण्याआधी भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून देता का?
४. नव्या पॅडचं खोकं पाहू का?
५. जुने पॅड परत मिळतील का?

हे प्रश्न नम्रपणे विचारावेत. चांगल्या कारागिराला त्यांचा राग येत नाही. शक्य असेल तेव्हा मुलांना सोबत न्या आणि एखादा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

गृहपाठ

१. घरातल्या कोणत्याही दुरुस्तीच्या बिलातून भाग, मजुरी आणि कर वेगळे करून लिहा.
२. एमआरपी २,३६० रुपये असलेल्या वस्तूची १८ टक्के जीएसटीआधीची किंमत काढा. (उत्तर : २,००० रुपये)
३. "आज टाळलेला खर्च उद्या किती होतो?" यावर स्वतःच्या घरातलं एक उदाहरण घेऊन दहा ओळी लिहा. उदाहरण गाडीचंच हवं असं नाही. गळका नळ चालेल, दुखरा दातही चालेल.