घटक ६ : विधी-अभ्यासासाठी संदर्भशोध – ऑनलाइन साधने आणि ग्रंथालय

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
• विधी-साहित्याचे प्रमुख प्रकार व त्यांचे परस्परसंबंध स्पष्ट करता येतील.
• अधिनियम, शासन निर्णय आणि न्यायनिर्णय शोधण्याची विनामूल्य ऑनलाइन साधने वापरता येतील.
• योग्य मराठी व इंग्रजी संज्ञा निवडून नेमका शोध घेता येईल.
• सापडलेला पाठ प्राधिकृत व अमलात असलेला आहे का, हे पडताळता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीची पदवी घेतल्यानंतर काही विद्यार्थी तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात. काही जण विधी-अनुवाद, न्यायालयीन वार्तांकन किंवा शासकीय सेवा ही क्षेत्रे निवडतात. या सर्वांना कायद्याचा मूळ पाठ शोधावा लागतो आणि त्यावर विसंबून लिहावे लागते.

पाठचिकित्सा ही संकल्पना आपणांस परिचित आहे. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासात निरनिराळ्या प्रतींची तुलना करून कोणता पाठ मूळच्या जवळचा, याचा विचार केला जातो. त्यामुळे वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतीसारख्या जुन्या प्रतीला महत्त्व येते. विधी-अभ्यासातही पाठनिश्चिती करावीच लागते. मात्र तिची कसोटी निराळी असते. येथे विशिष्ट दिनांकास अमलात असलेला आणि सक्षम प्राधिकाऱ्याने प्रसिद्ध केलेला पाठ हवा असतो. म्हणून कोणताही संदर्भ हाती आला की तीन प्रश्न विचारावेत : हा पाठ कोणाचा? कोणत्या दिनांकाचा? कोणत्या भाषेतील? या घटकातील सर्व विवेचन या तीन प्रश्नांभोवती केलेले आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ विधी-साहित्याचे प्रकार

संसद किंवा राज्य विधिमंडळ संमत करते तो अधिनियम. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात शासन जे करते ते नियम आणि अधिसूचना. प्रशासनाचे धोरण व कार्यपद्धती सांगणारा तो शासन निर्णय. तो अधिनियमाच्या विरोधात जाऊ शकत नाही. न्यायालयाने वादावर दिलेला तो न्यायनिर्णय. संविधानाच्या अनुच्छेद १४१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. याखेरीज भाष्यग्रंथ, लेख आणि वृत्तपत्रांतील सदरे असतात. ती समजून घेण्यास साहाय्य करतात, परंतु त्यांना कायद्याचे बळ नसते. शोधाची सुरुवात भाष्यापासून करण्यास हरकत नाही. शेवट मात्र मूळ पाठापाशी व्हायला हवा.

६.३.२ ऑनलाइन साधने

(अ) अधिनियम : केंद्र शासनाच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर केंद्रीय व राज्य अधिनियम विनामूल्य उपलब्ध आहेत. अधिनियमाचे नाव, वर्ष किंवा क्रमांक यांवरून शोध घेता येतो. महाराष्ट्राच्या विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर राज्याचे अधिनियम मराठी व इंग्रजीत मिळतात.

(आ) शासन निर्णय : राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, दिनांक व मुख्य शब्द यांनुसार शासन निर्णय शोधता येतात. प्रत्येक निर्णयाच्या अखेरीस त्याचा संगणक सांकेतांक दिलेला असतो. आपल्या टिपणात तो उतरवून ठेवावा. त्यामुळे पुढे नेमका तोच निर्णय पुन्हा मिळतो आणि वाचकालाही पडताळणी करता येते.

(इ) न्यायनिर्णय : सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘ई-एससीआर’ ही सेवा सुरू केली. न्यायालयाच्या अधिकृत निर्णयसंग्रहातील न्यायनिर्णय तेथे विनामूल्य वाचता येतात. निवडक निर्णयांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. ‘इंडियन कानून’ हे खासगी, परंतु विनामूल्य शोधस्थळ आहे. एखाद्या निर्णयाचा पुढे कोणत्या निर्णयांत उल्लेख झाला, हे तेथे चटकन दिसते. विशिष्ट खटल्याची सद्यःस्थिती ‘ई-कोर्ट्स’ सेवेवर सोळा अक्षरांकांच्या सीएनआर क्रमांकाने कळते. ‘एससीसी ऑनलाइन’ आणि ‘मनुपात्र’ यांना वर्गणी लागते. ज्या विधी महाविद्यालयांनी ती भरली आहे, तेथे ही साधने वापरता येतात.

(ई) कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने : या साधनांनी सुचवलेला प्रत्येक निर्णय मूळ स्थळी उघडून पाहावा. अस्तित्वातच नसलेले निर्णय न्यायालयापुढे मांडल्याबद्दल २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील वकिलांना दंड झाला होता. ती नावे त्यांना अशाच एका साधनाने पुरवली होती.

६.३.३ शोधासाठी शब्दांची निवड

भाषेच्या विद्यार्थ्याला या टप्प्यावर आपल्या अभ्यासाचा विशेष उपयोग होतो. शोध निष्फळ ठरतो तेव्हा पुष्कळदा साहित्य उपलब्ध असते. आपण वापरलेला शब्द त्या पाठात नसतो.

१. लोकव्यवहारातील नाव आणि अधिकृत नाव : ‘कूळकायदा’ हा शब्द गावोगावी रूढ आहे; अधिनियमाच्या शीर्षकात तो नाही. त्याचे नाव ‘महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८’ असे आहे.

२. बदललेली नावे : याच अधिनियमाच्या नावात पूर्वी ‘महाराष्ट्र’ऐवजी ‘मुंबई’ होते. २०१२ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २४ अन्वये अशा अनेक अधिनियमांची नावे बदलली. म्हणून जुने न्यायनिर्णय शोधताना ‘मुंबई’ आणि नवे शोधताना ‘महाराष्ट्र’ अशा दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

३. घटकांची नावे : संविधानात ‘अनुच्छेद’ असतात, अधिनियमात ‘कलमे’. कलमाचे पोटकलम, खंड, परंतुक आणि स्पष्टीकरण असे भाग पडतात. मूळ कलमाने दिलेला अधिकार परंतुकाने मर्यादित केलेला असू शकतो. त्यामुळे कलम परंतुकासह पूर्ण वाचल्याखेरीज उद्धृत करू नये.

४. संज्ञांची दुहेरी परंपरा : न्यायव्यवहाराच्या मराठीत फिर्याद, जामीन, दस्तऐवज, वकीलपत्र हे जुने रुळलेले शब्द आहेत, तसेच अधिनियम, अधिसूचना, प्राधिकरण हे नव्याने घडवलेले संस्कृतोद्भव शब्दही आहेत. भाषा संचालनालयाच्या ‘न्यायव्यवहार कोशा’तून इंग्रजी संज्ञेचा मराठी पर्याय निश्चित करावा व दोन्ही भाषांत शोध घ्यावा.

आता भाषेसंबंधीचा प्रश्न. अनुच्छेद ३४८ अन्वये, संसदेने अन्यथा तरतूद करेपर्यंत, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. राज्याचा अधिनियम मराठीत संमत झाला, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी अनुवाद हा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. केंद्रीय कायद्यांच्या बाबतीत १९७३ च्या अधिनियमाने अशी तरतूद केली, की राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला प्रादेशिक भाषेतील अनुवाद हा त्या भाषेतील प्राधिकृत पाठ होय. न्यायनिर्णयांच्या मराठी अनुवादांचे स्थान मात्र वेगळे आहे. ते पक्षकाराला आशय समजावा म्हणून दिलेले असतात. अधिकृत कामासाठी इंग्रजी निर्णयच ग्राह्य धरला जातो. अनुवाद वाचून समजून घ्यावे आणि मूळ इंग्रजी परिच्छेद पाहून लिहावे.

६.३.४ ग्रंथालयाचा उपयोग

ड्यूई दशांश वर्गीकरणात विधी विषयाचा वर्गांक ३४० पासून सुरू होतो. कपाटापाशी गेल्यावर तीन प्रकारचे ग्रंथ दिसतात : केवळ मूळ पाठ देणारी पुस्तिका, भाष्यग्रंथ आणि निर्णयसंग्रह. ग्रंथ हाती घेताच आवृत्तीचे वर्ष पाहावे. भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली आणि १८६० ची भारतीय दंड संहिता निरसित झाली. खुनाच्या शिक्षेचे पूर्वीचे कलम ३०२ आता १०३ झाले आहे. तथापि त्या दिनांकापूर्वी घडलेल्या अपराधांना जुनीच संहिता लागू असल्याने जुनी आवृत्तीही निरुपयोगी ठरत नाही. घटना केव्हा घडली, यावरून आवृत्ती निवडावी.

भाष्यग्रंथातील निर्णयसूची व विषयसूची प्रथम पाहण्याची सवय लावावी. प्रकरणे चाळण्याचा वेळ वाचतो. निर्णयसंग्रहात निर्णयाच्या आरंभी शीर्षटीप असते. ती बहुधा संपादकाची असते, न्यायालयाची नसते. म्हणून उद्धरण नेहमी निर्णयाच्या क्रमांकित परिच्छेदातून घ्यावे.

निर्णयाचा संदर्भ वाचण्याची रीतही समजून घ्यावी. ‘(२०१६) २ एससीसी ३६’ याचा अर्थ २०१६ या वर्षाचा दुसरा खंड, ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ हा संग्रह, पृष्ठ ३६. येथील वर्ष संग्रहाचे आहे. हा निर्णय ऑक्टोबर २०१५ मधील आहे. अलीकडे न्यायालये स्वतःच निर्णयाला क्रमांक देतात. तो कोणत्याही प्रकाशकाच्या संग्रहावर अवलंबून नसल्याने टिपणात अवश्य नोंदवावा.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याने जवळच्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना अभ्यासकेंद्राच्या पत्रासह भेटावे. जाताना अधिनियमाचे नाव, कलम आणि प्रश्न एका कागदावर लिहून न्यावा. ‘कायद्याचे पुस्तक हवे’ या विनंतीपेक्षा ‘हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६ वरील २०२० नंतरचे भाष्य हवे’ ही विनंती ग्रंथपालाला लवकर पुरी करता येते.

६.३.५ एक उदाहरण

पुढील काल्पनिक प्रश्न पाहा. एका स्त्रीचा विवाह १९९० मध्ये झाला. वडील २००१ मध्ये वारले. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीचे वाटप झालेले नाही. भाऊ तिच्याकडे हक्कसोडपत्रावर सही मागत आहेत. सही करण्यापूर्वी आपला हिस्सा काय, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

पहिली पायरी : हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे कलम ६ ‘इंडिया कोड’वर वाचावे. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या सुधारणेने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद मानले आहे.

दुसरी पायरी : राज्याची सुधारणा पाहावी. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना असा हक्क दिला होता. परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. या स्त्रीला त्याचा लाभ नाही.

तिसरी पायरी : न्यायनिर्णय शोधावेत. ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ (२०१५) सापडतो. त्यानुसार ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक होते. येथे थांबणारा विद्यार्थी ‘हक्क नाही’ असे लिहील.

चौथी पायरी : या निर्णयाचे पुढे काय झाले, ते पाहावे. २०१८ च्या ‘दानम्मा’ प्रकरणात वडील २००१ मध्ये वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. दोन्ही पीठे दोन न्यायमूर्तींची होती. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मुलीचा हक्क जन्मतःच असल्याने २००५ मध्ये वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असे ठरवले आणि फुलवती निर्णय अमान्य केला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर रीतीने झालेली वाटणी या सुधारणेने मोडत नाही. म्हणून ‘वाटप झालेले नाही’ हे वाक्य प्रश्नात महत्त्वाचे आहे.

तिसऱ्या पायरीवरील पाठ खरा आहे, अधिकृत आहे आणि सर्वोच्च न्यायालयाचाच आहे. तरीही त्यावर विसंबल्यास त्या स्त्रीचा हिस्सा जाईल. चौथ्या पायरीला लागणारा वेळ फार तर अर्ध्या तासाचा असतो. प्रत्यक्ष प्रकरणात अंतिम सल्ला वकिलाचाच घ्यावा. परंतु नेमका प्रश्न घेऊन वकिलाकडे जाणे हेही अशा शोधाचे फलित आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. शासन निर्णय पुन्हा शोधण्यासाठी त्यातील कोणती नोंद उपयोगी पडते?
२. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय कोणत्या अनुच्छेदान्वये बंधनकारक ठरतो?
३. शीर्षटिपेतून उद्धरण का घेऊ नये?

६.४ सारांश

विधी-साहित्यात अधिनियम, नियम, शासन निर्णय, न्यायनिर्णय व भाष्य यांचा अधिकार समान नसतो. अधिनियमांसाठी ‘इंडिया कोड’, निर्णयांसाठी ‘ई-एससीआर’ ही विश्वसनीय विनामूल्य साधने आहेत. शोध मराठी व इंग्रजी, तसेच जुन्या व नव्या नावांनी घ्यावा. प्रत्येक पाठाचा प्राधिकारी, दिनांक व भाषा तपासावी आणि न्यायनिर्णयाचा पुढील प्रवास पाहिल्याखेरीज त्यावर निष्कर्ष उभारू नये.

६.५ पारिभाषिक शब्द

परंतुक : कलमातील सर्वसाधारण तरतुदीला अपवाद किंवा अट जोडणारा भाग.
निरसन : अधिनियम रद्द करणे.
सहदायाद : एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हिस्सा असणारी व्यक्ती.
शीर्षटीप : न्यायनिर्णयाच्या आरंभी दिलेला संक्षेप.

६.६ स्वाध्याय

१. आपल्या गावाशी संबंधित एक शासन निर्णय शोधून त्याचा विभाग, दिनांक व सांकेतांक नोंदवा.
२. कोणत्याही अधिनियमातील परंतुक असलेले एक कलम मराठी व इंग्रजीत वाचून परंतुकामुळे अर्थ कसा बदलतो, ते दहा ओळींत लिहा.
३. सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाचा मराठी अनुवाद घेऊन त्यातील पाच संज्ञा न्यायव्यवहार कोशातील पर्यायांशी ताडून पाहा.