पोर्ट आधीच अडलाय!

प्रश्न : पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर बॅकअपसाठी बॅरिओस टाकलं, पण ‘पत्ता आधीच वापरात’ असा संदेश येतो नि सेवा सुरूच होत नाही. काय करू?
– एक वाचक, साक्री

उत्तर : आधी कुणी बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवलं होतं का? माझा पहिला संशय तोच. बॅरिओस त्यातूनच फुटलेलं. दोघांचेही नेहमीचे पोर्ट ९१०१, ९१०२, ९१०३. एका पत्त्यावरच्या एका पोर्टवर साधारणपणे एकच सेवा बसते.

रूट म्हणून ‘एसएस -एलटीएनपी’ चालवा. पोर्ट कुणी धरलाय ते नावानिशी दिसेल. ती सेवा नुसती थांबवू नका, कायमची बंद करा. नाहीतर वीज जाऊन आली की भांडण पुन्हा सुरू. पोर्ट बदलता येतो, पण मग बॅरिओसचे डायरेक्टर, स्टोरेज, क्लायंट हे भाग नि फायरवॉल, सगळीकडे बदला. नव्या बॅकअपमधून एक फाइल परत आणून पाहिल्याशिवाय जुना पुसू नका.