आधी काठी, मग वजन



वस्तीतली मुले व्यायामशाळेत जाऊ लागली, याचा आनंद आहे. पण कंबर धरून आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे उत्तर बहुधा एकच असते, "मित्राने उचलले, म्हणून मीही उचलले." रोजंदारीवरच्या घरात कमावत्याची कंबर गेली की चूल थंडावते. म्हणून या वेळी 'क्लीन अँड जर्क' नीट कसे शिकावे, ते पाहू.

या ऑलिंपिक प्रकारात जमिनीवरचा दांडा आधी खांद्यांवर घेतात, तो क्लीन. तिथून डोक्यावर नेतात, तो जर्क. टोकियोत ४९ किलो गटात मीराबाई चानू यांनी असे ११५ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. ही किमया नुसत्या दंडांची नाही. पाय, खुबे आणि पद्धतीची आहे.

मणक्यांमध्ये गाद्या असतात. पाठ वाकवून ओझे उचलले की त्यांच्यावर ताण येतो. ओझे अंगापासून जितके लांब, तितका ताण जास्त. भरलेला हंडा आपण कमरेला लावूनच नेतो, तसेच हे.

पद्धत अशी

१. पाय खुब्यांइतके रुंद ठेवा. दांडा पावलांच्या मध्यावर, नडगीजवळ असावा.

२. गुडघे वाकवून दांडा धरा. पाठ ताठ, छाती वर, हात सरळ.

३. पायांनी जमीन दाबत उठा. सुरुवातीला हिसका नको. दांडा अंगालगतच वर यावा.

४. दांडा मांडीच्या वरच्या भागाशी आला की खुबे आणि गुडघे झटक्यात सरळ करा आणि लगेच दांड्याखाली बसा. कोपरे पुढे काढा. भार खांद्यांवर टेकावा, मनगटांवर नाही.

५. उभे राहा, श्वास घ्या. गुडघे किंचित वाकवून पायांच्या जोराने दांडा डोक्यावर न्या. एक पाय पुढे, एक मागे, कोपरे सरळ. मग दोन्ही पावले एका रेषेत आणा.

हे सारे आधी साध्या काठीने, जाणकार प्रशिक्षकासमोर करा. काठीवर जमले की मग रिकामा दांडा. स्पर्धेतला रिकामा दांडाच महिलांसाठी १५ आणि पुरुषांसाठी २० किलोचा असतो! पाठ वाकू लागली की वजन कमी करा. तोल गेला तर दांडा सोडून बाजूला व्हा, वाचवायला जाऊ नका. सांगलीच्या संकेत सरगर यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवले, पण जर्क करताना त्यांच्या कोपराला दुखापत झाली. कसलेल्या खेळाडूचे असे होते, तर नवख्याने किती जपावे!

गरोदरपण, हर्निया किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कंबरेतून पायात कळ गेली, पाय बधिर झाला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि माता-भगिनींनो, वजन उचलल्याने मुलीला पुढे मूल होत नाही, हा समज खोटा आहे. भरलेली कळशी तिने उचलली तेव्हा कोणी काळजी केली नाही. मग व्यायामशाळेच्या दारातच का अडवायचे?

विहारात आपण अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम शिकतो. तिथे तो मनाच्या प्रयत्नाविषयी आहे. पण प्रयत्न नुसता जोराचा नव्हे, योग्य असावा, हा धडा शरीरालाही लागू आहे.