अभ्यासपाठ : झाडे लावण्यापलीकडची बाग

बाग म्हटली की हिरवळ, फुलांचे ताटवे आणि कारंजे डोळ्यांपुढे येते. वृक्षसंग्रह ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. तिथले प्रत्येक झाड कोणते, कुठून आणले, केव्हा लावले याची नोंद असते. ती झाडे अभ्यासासाठी आणि बियाण्यासाठी जपली जातात, आणि त्याच झाडांच्या सावलीत लोक फिरायला, विसाव्याला येतात. जतन आणि विरंगुळा एका जागी कसे नांदतात, हे या पाठात एका जुन्या उदाहरणावरून पाहू आणि मग आपल्या पाड्यांकडे वळू.

अमेरिकेतील बोस्टन शहरात ‘अर्नॉल्ड आर्बोरेटम’ नावाचा वृक्षसंग्रह आहे. जेम्स अर्नॉल्ड नावाच्या व्यापाऱ्याने मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशातून हार्वर्ड विद्यापीठाने 1872 साली तो सुरू केला. चार्ल्स सार्जंट हे त्याचे पहिले संचालक. एवढी मोठी जागा राखायला हाताशी असलेला पैसा अपुरा होता. तेव्हा सार्जंट आणि उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी एक मार्ग सुचवला, आणि 1882 साली करार झाला. जमीन शहराच्या मालकीची झाली. शहराने ती वर्षाला एक डॉलर भाड्याने, हजार वर्षांच्या पट्ट्याने विद्यापीठाला परत दिली. रस्ते आणि राखण शहराकडे, झाडे आणि अभ्यास विद्यापीठाकडे, आणि फाटक सर्वांना खुले. आज 281 एकरांच्या या बागेत कोणीही फुकट जाऊ शकतो.

या उदाहरणातून चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, जमिनीची हमी. बियांपासून वाढवलेला मोह फुलायला आठ-दहा वर्षे तरी लागतात. तोवर जागा कोणाच्या नावावर आहे, हे स्पष्ट नसेल तर रोपे लावण्याचे श्रम वाया जाऊ शकतात. आपल्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वन राखण्याचा आणि वाढवण्याचा हक्क दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. म्हणून आधी कागद आणि ग्रामसभेचा ठराव, मग कुदळ.

दुसरी, नोंद. अर्नॉल्डमधील झाडांना क्रमांकाची पट्टी असते आणि त्या क्रमांकावर झाडाची माहिती मिळते. आपल्याकडे एकाच झाडाची नावे गोंड, कोरकू, वारली, कातकरी बोलींत वेगवेगळी असतात. साल कोणत्या दुखण्यावर, पान कशासाठी, फळ कधी काढायचे, हे जुन्या माणसांना तोंडपाठ असते. ते कोणी लिहून घेतले नाही, तर माणसाबरोबर जाते. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची नोंदवही तयार करता येते. मात्र औषधी माहिती बाहेरच्या कोणाला द्यायची की नाही, हे ती सांगणाऱ्याला आणि गावाला विचारूनच ठरवावे.

तिसरी, बियांची वाटणी. ‘मेटासेक्वोया’ हे झाड आधी केवळ जीवाश्मांवरून माहीत होते. पुढे चीनमध्ये त्याची जिवंत झाडे सापडली. अर्नॉल्डने 1947 साली तिथून बिया गोळा करण्यासाठी पैसे पाठवले आणि 1948 मध्ये आलेल्या बिया जगभरच्या बागांना वाटल्या. झाड एकाच जागी असले तर एका वणव्यात संपू शकते. अनेक जागी असले तर टिकते.

चौथी, वापराची शिस्त. अर्नॉल्डमध्ये दर मे महिन्यात लायलॅक फुलांचा रविवार साजरा होतो. अनेक वर्षे बागेत डबा खायला परवानगी होती ती त्या एका दिवशीच. मुळांभोवतीची माती सतत तुडवली गेली की घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि झाड खंगते. म्हणून पायवाट ठरलेली असावी आणि बाके खोडापासून दूर ठेवावीत.

आता आपल्या मोहाकडे पाहू. फुले वेचायला सोपी जावीत म्हणून अनेक ठिकाणी झाडाखालचा पाला जाळतात. त्यात लहान रोपे जळतात. उरलेली गुरे खातात, आणि टोळंबीचे तेल काढायचे म्हणून बियाही वेचल्या जातात. म्हणून कित्येक गावांत मोठे मोह आहेत, पण त्यांच्या जागी उभी राहणारी पोरे नाहीत. पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करावा, किंवा खाली जाळी अंथरावी.

आश्रमशाळेजवळ अर्धा एकर मिळाला तरी सुरुवात होते. मोहाच्या बिया पावसाच्या तोंडावर ताज्याच पेराव्यात. काही आठवड्यांत त्यांची उगवण्याची ताकद जाते. हिरड्याची आठोळी कठीण असते, ती पेरण्याआधी पाण्यात भिजवावी. बिब्बा मुलांच्या हाती देऊ नये. त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात. मोहाच्या दोन झाडांत 25 ते 30 फूट अंतर ठेवावे आणि पहिली तीन-चार वर्षे काटेरी कुंपण करावे.

हे कुंपण गुरांसाठी आहे, माणसांसाठी नाही. जतनाच्या नावाखाली आदिवासींना त्यांच्याच जंगलातून दूर ठेवल्याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. फुले कोणी वेचायची, बियांसाठी किती झाडे राखायची, हे ग्रामसभेने ठरवावे. गावाच्या बागेत मोहफुले वेचणाऱ्या बाईला चोर ठरवले जाणार असेल, तर ती बाग गावाची राहणार नाही.

गटात चर्चेसाठी :

1. आपल्या पाड्याजवळ मोहाची जुनी झाडे किती आणि गुडघ्याएवढी रोपे किती? मुलांसह मोजून लिहावे.

2. कोणत्या पाच झाडांची माहिती गावात फक्त एक-दोन माणसांनाच आहे? त्यांच्याकडे कोण जाईल?

3. बागेची जागा, राखण आणि नोंदवही या तीन कामांची जबाबदारी कोण घेईल?